विश्लेषण : हर्नियाच्या शस्त्रक्रियेला पेटंट नाही, जाळीला आहे, मग सॉफ्टवेअरचे काय?

तासगाव तालुक्यातील बोरगावचे शेतकरी वसंतराव आर्वे यांना थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या बागेत वेगळ्या गुणांची एक वेल हेरता आली. तिच्या काड्यांपासून 'तास-ए-गणेश' हे वाण उभे राहिले आणि सांगलीपासून नाशिकपर्यंतच्या बागांत पोहोचले. एका बागेतून दुसऱ्या बागेत काडी जात राहिली. त्या काडीवर मालकी सांगण्याची सोय तेव्हाच्या कायद्यात नव्हती. आजही वनस्पतीच्या वाणाला भारतात पेटंट मिळत नाही.

शस्त्रक्रियेची नवी पद्धत शोधणाऱ्या डॉक्टरला किंवा संगणकाचे जाळे सुरक्षित ठेवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या अभियंत्याला हेच विचारावेसे वाटते : हा शोध माझा, पण कायद्याने माझा आहे का? हर्निया आणि संगणक सुरक्षा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मात्र भारतीय पेटंट कायद्याच्या एकाच कलमात, काही ओळींच्या अंतराने, दोघांचीही वाट अडवलेली आहे. दोन्ही ठिकाणी एक फट ठेवलेली आहे. ती फट कुठे आहे, हे कळले की 'पेटंटेड तंत्राने ऑपरेशन' अशा पाट्यांचा आणि 'विद्यार्थ्यांना पेटंट' अशा बातम्यांचा अर्थ लागतो.

कायदा काय म्हणतो?

पेटंट कायदा १९७० चा. शोध नवा हवा, त्या क्षेत्रातील जाणकारालाही सहज सुचला नसता असा हवा आणि उद्योगात वापरता येण्याजोगा हवा, या त्याच्या मुख्य अटी. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते आणि ज्या देशात घेतले त्याच देशात चालते. 'जागतिक पेटंट' नावाची वस्तू अस्तित्वात नाही.

याच कायद्याचे कलम ३ म्हणजे 'याला शोध म्हणायचे नाही' अशा गोष्टींची यादी. त्यात ३(आय) मध्ये माणसावरील औषधोपचाराची, शस्त्रक्रियेची, निदानाची कोणतीही प्रक्रिया येते. ३(जे) मध्ये वनस्पती, बियाणे, वाण. ३(के) मध्ये गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ संगणक प्रोग्राम'. या शेवटच्या नोंदीतील 'निव्वळ' या एका शब्दावर वकिलांची वर्षानुवर्षे जात आहेत. त्याकडे पुढे येऊच.

शस्त्रक्रियेची पद्धत बाहेर का ठेवली?

जांघेतला हर्निया म्हणजे पोटाच्या स्नायूंच्या भिंतीत पडलेली कमकुवत जागा. आतला भाग त्यातून बाहेर डोकावतो. जुनी माणसे त्याला अंतर्गळ म्हणतात किंवा 'आतडे उतरले' म्हणतात. वय, जुनाट खोकला, लघवीला किंवा शौचाला कुंथावे लागणे, ओझे उचलणे ही त्याची नेहमीची कारणे. औषधाने हे भोक बुजत नाही, ते शस्त्रक्रियेनेच बंद करावे लागते.

इटलीच्या एदोआर्दो बासिनी यांनी १८८० च्या दशकात ते शिस्तशीर टाके घालून बंद करण्याची पद्धत दाखवली. पण दोन बाजूंचे ऊतक ओढून शिवले की ताण राहतो आणि ताण राहिला की पुन्हा उसवण्याची भीती. अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिकची विणलेली जाळी ठिगळासारखी वापरायला सुरुवात केली. पुढे १९८९ मध्ये आयर्विंग लिक्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 'ताणविरहित' दुरुस्तीचा अनुभव प्रसिद्ध केला. जगभरात आज तीच सर्वाधिक वापरली जाणारी खुली पद्धत आहे. मिरजेत किंवा सांगलीत एखाद्याच्या हर्नियात जाळी बसवली जाते, तेव्हा लिक्टेनस्टाइन यांच्या वारसांना एक रुपयाही जात नाही.

जावा का? अमेरिकेने या प्रश्नाचा चटका घेतलेला आहे. सॅम्युअल पॅलिन या नेत्रशल्यविशारदाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत टाका न घालता आपोआप मिटणाऱ्या विशिष्ट आकाराच्या छेदाचे पेटंट १९९२ मध्ये मिळवले. तसाच छेद घेणाऱ्या व्हरमाँट राज्यातील डॉ. जॅक सिंगर यांच्यावर त्यांनी दावा लावला. म्हणजे रुग्ण टेबलावर असताना चाकू कोणत्या कोनातून फिरवायचा यासाठी परवाना! डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. दावा १९९६ मध्ये पॅलिन यांच्या विरोधात संपला आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलला. तिथे शस्त्रक्रियेच्या पद्धतीला पेटंट अजूनही मिळू शकते, पण ती पद्धत वापरणाऱ्या डॉक्टरविरुद्ध आणि त्याच्या रुग्णालयाविरुद्ध ते बजावता येत नाही. पेटंट असलेले उपकरण वापरले तर मात्र ही सूट नाही.

भारताने आणि युरोपने इतका वळसा घेतला नाही. पद्धतीला पेटंटच नाही, विषय संपला. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातील अनुच्छेद २७ तशी मुभा देतो.

दोंडाईचाची मच्छरदाणी

हा नियम योग्य का, याचा महाराष्ट्रातला पुरावा धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे आहे. तिथले शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यासमोर पेच साधा होता. कंपनीची जाळी काही हजार रुपयांची आणि रुग्ण शेतमजूर. जाळीविना जुन्या पद्धतीने शिवायचे की रुग्णाला कर्जात घालायचे?

त्यांनी पाहिले की बाजारात मिळणारे मच्छरदाणीचे एक कापड पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्रणाचे, म्हणजे कंपनीच्या जाळीच्या जवळच्या नात्यातले आहे. कापड धुऊन, तुकडे करून, निर्जंतुक करून त्यांनी ते वापरले. तुकड्याची किंमत पैशांत मोजावी इतकी कमी. अनेक ठिकाणच्या शल्यचिकित्सकांना सोबत घेऊन केलेली प्राथमिक चाचणी त्यांनी २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध केली. (वाचकांनी घरच्या मच्छरदाणीकडे वळून पाहू नये. कीटकनाशक लावलेले कापड चालत नाही. निर्जंतुकीकरणात तापमान फार वाढले तर हे कापड आक्रसते, त्यामुळे ते कामही नेमकेपणाने करावे लागते.)

कल्पना आफ्रिकेत गेली. युगांडात ३०२ पुरुषांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष जानेवारी २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. निम्म्या रुग्णांना कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. इतर गुंतागुंतही दोन्हीकडे जवळपास सारखीच.

या शोधाला भारतात पेटंट मिळाले असते का? अवघडच होते. शस्त्रक्रियेची पद्धत म्हणून ३(आय) आडवे येते. कापड आधीपासून बाजारात आहे, त्याचा फक्त उपयोग नवा आहे, म्हणून ३(डी) आडवे येते. ज्ञात पदार्थाचा निव्वळ नवा उपयोग हा शोध नव्हे, असे ते कलम सांगते. शिवाय पद्धत नियतकालिकात छापली गेली की ती सर्वांची. या तीनही गोष्टी शोधकर्त्याच्या खिशाच्या विरोधात आणि रुग्णाच्या बाजूने गेल्या.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा तर जाळीच्याच वाटेला गेले नाहीत. रुग्णाच्या पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पडद्याची पट्टी, ती मुळापासून न तोडता, कमकुवत जागेवर शिवण्याची त्यांची पद्धत २००१ पासून प्रसिद्ध होत गेली. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर ती लिक्टेनस्टाइन पद्धतीच्या समोर ठेवून पाहिली गेली. तीन वर्षांनंतरचे परिणाम तुल्यबळ असल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. पद्धतीला 'देसरडा तंत्र' हे नाव मिळाले, परवानाशुल्क नाही. पोलंडमधल्या डॉक्टरला ती करून पाहण्यासाठी पुण्याला पत्र पाठवून परवानगी मागावी लागली असती, तर ही तुलना झाली असती का, याची शंकाच आहे.

मग जाळीला पेटंट कसे मिळते?

कारण जाळी ही वस्तू आहे. हातातले कसब कायद्याच्या बाहेर आहे, हातातले हत्यार आत आहे. जाळीची विणकाम रचना, आतड्याला चिकटू नये म्हणून दिलेला थर, टाक्याविना पकड घेणारे सूक्ष्म आकडे, घडी करून आत सरकवल्यावर आपोआप उलगडणारी कडा, या सगळ्यांवर जगभर पेटंट घेतली गेली आहेत आणि भारतातही अशा वस्तूंची दारे बंद नाहीत. कंपन्यांनी संशोधनात पैसा घालावा यासाठी हे हवेच. हर्नियाच्या जाळीत गेल्या काही दशकांत झालेली सुधारणा फुकटात झालेली नाही.

पण इथे एक गैरसमज मोडायला हवा. पेटंट म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. पेटंट कार्यालय 'हे नवे आहे का' एवढेच विचारते, 'हे सुरक्षित आहे का' हे विचारत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सर्जन रॉबर्ट कुगेल यांच्या जाळीला १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. त्या धर्तीवरच्या, बार्ड समूहातील दाव्हॉल कंपनीच्या 'कंपोझिक्स कुगेल' जाळीच्या कडेला उलगडण्यासाठी एक कडी होती. ती शरीरात तुटू शकते असे दिसल्यावर डिसेंबर २००५ पासून काही आकारांच्या जाळ्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. हजारो खटले झाले. सुरक्षिततेचा विचार करणारी यंत्रणा वेगळी असते. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आणि औषध नियंत्रक हे त्यासाठी आहेत. ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना विचारायचेच असेल, तर 'पेटंट आहे का' याऐवजी 'जाळी कोणत्या कंपनीची, तिचा बॅच क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहिणार का' हे विचारणे जास्त उपयोगाचे.

संगणक सुरक्षेचे गणित वेगळे का?

क्विक हील ही पुण्याची कंपनी मराठी वाचकाला नवी नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलाश काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली आणि धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला. ही १९९० च्या दशकाची गोष्ट. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. तिच्याकडे अमेरिकी पेटंटही आहेत. तरीही अशा कंपनीचे पहिले कवच पेटंट नसते. लिहिलेल्या कोडला कॉपीराइट आपोआप मिळतो, नावाला ट्रेडमार्क असतो आणि रोज येणाऱ्या नव्या व्हायरसची ओळख पटवणारे अपडेट हा तर धंद्याचा प्राण. मात्र कॉपीराइट शब्दांना मिळतो, कल्पनेला नाही. तीच युक्ती दुसऱ्याने वेगळ्या कोडमध्ये उतरवली तर कॉपीराइट गप्प बसतो. म्हणून पेटंटची ओढ.

आणि इथे तो 'निव्वळ' शब्द येतो. तो २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात आला. अर्थ असा घ्यायचा की नुसता प्रोग्राम नाही, पण प्रोग्राममुळे यंत्रणेत काही तांत्रिक परिणाम घडत असेल तर दार उघडे. 'तांत्रिक परिणाम' म्हणजे काय? नेटवर्कमधून येणाऱ्या डेटाच्या पाकिटांतून हल्ला लवकर ओळखला जाणे, सर्व्हरवरचा भार कमी होणे, ओळख पटवण्याची प्रक्रिया अभेद्य होणे, असे काही. पण पेटंट कार्यालयातील तपासनीस बराच काळ कडक राहिले. 'नवे हार्डवेअर कुठे आहे?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे.

न्यायालयांनी तो प्रश्न मागे सारला. फरीद अल्लानी या ट्युनिशियाच्या संशोधकाचा अर्ज २००२ पासून फिरत होता. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की बहुतेक नवे शोध संगणक प्रोग्रामवर उभे असताना ते सरसकट नाकारणे हे मागे जाणे ठरेल. थेट संगणक सुरक्षेतले प्रकरण मायक्रोसॉफ्टचे. एकदा संकेतस्थळावर लॉगिन केलेल्या व्यक्तीची त्याच स्थळाच्या आतल्या उपभागांत शिरताना स्वतंत्र खातरजमा करण्याची ती पद्धत होती. पेटंट कार्यालयाने ३(के)वर बोट ठेवून अर्ज फेटाळला. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये तो निर्णय रद्द करून फेरतपासणीचा आदेश दिला. २०२५ मध्ये पेटंट कार्यालयाने अशा शोधांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या, त्या याच निकालांच्या मालिकेनंतर.

दिशा बरोबर आहे. अडचण वेगाची आहे. अल्लानी यांना २०२० मध्ये अखेर पेटंट मंजूर झाले तेव्हा २० वर्षांची मुदत संपत आली होती. द्राक्षबागेच्या भाषेत सांगायचे तर पीक हातात आले ते वेल उपटायच्या वेळी. मायक्रोसॉफ्टला उच्च न्यायालयापर्यंत जाणे परवडते. सांगली-मिरजेतील चार मुलांच्या कंपनीला ते परवडत नाही, आणि सुरक्षा तंत्र तर दोन-तीन वर्षांत शिळे होते.

पेटंट दिले की भांडण मिटते असेही नाही. अमेरिकेत सेंट्रिपेटल नेटवर्क्स या छोट्या कंपनीने नेटवर्क सुरक्षेच्या पेटंटवरून सिस्कोला कोर्टात खेचले. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायाधीशांनी तब्बल १.९ अब्ज डॉलरची भरपाई ठोठावली. मग न्यायाधीशांच्या पत्नीकडे सिस्कोचेच १०० शेअर असल्याचा मुद्दा निघाला. निकाल सिस्कोच्या विरोधात गेला असूनही २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. नव्या न्यायाधीशांनी २०२३ मध्ये पेटंटचा भंगच झाला नाही असे सांगितले. कोट्यवधी डॉलर वकिलांवर गेले, एवढे मात्र नक्की.

'पेटंट पब्लिश झाले' म्हणजे काय?

सांगलीचे वालचंद, इस्लामपूरजवळचे राजारामबापू अशी अभियांत्रिकी महाविद्यालये या पट्ट्यात आहेत आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत नेटवर्क सुरक्षा हा आवडता विषय असतो. म्हणून हे सविस्तर.

प्रत्येक पेटंट अर्ज साधारण १८ महिन्यांनी कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो. जास्तीचे शुल्क भरले तर महिनाभरातही. तपासणी त्यानंतर, तीही वेगळा अर्ज आणि शुल्क भरून मागितली तरच. त्यामुळे 'पेटंट पब्लिश' हे निवडणुकीचा अर्ज भरल्यासारखे आहे, निवडून आल्यासारखे नाही. शिक्षणसंस्थांच्या मूल्यांकनात गुण मिळतात म्हणून अर्जांचा पूर आला आहे. काही एजंट तर वस्तूच्या बाह्यरूपाची 'डिझाइन' नोंदणी करून देतात आणि ती पेटंट म्हणून मिरवली जाते. मंजुरीचे आकडेही फुगले आहेत. २०२३-२४ मध्ये देशात एक लाखाहून अधिक पेटंट मंजूर झाली. त्यांतली किती बाजारात पोहोचतील, हा वेगळा लेख होईल.

खरे नुकसान होते ते घाईत तोंड उघडल्याने. आधी परिषदेत शोधनिबंध वाचला, कोड गिटहबवर टाकला, मग पेटंटची आठवण झाली, तर नवेपणा संपलेला असतो. भारतात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती मुख्यतः विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधाला आणि सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला. आज बँकेच्या व्यवहारांपासून घरच्या वायफायपर्यंत वापरली गेलेली आरएसए ही कूटपद्धत याचे ठळक उदाहरण. ऑगस्ट १९७७ मध्ये ती 'सायंटिफिक अमेरिकन'मधील एका सदरात छापून आली आणि पेटंटचा अर्ज गेला डिसेंबरमध्ये. अमेरिकेत वर्षभराची सवलत असल्याने तिथे १९८३ साली पेटंट मिळाले. उर्वरित जगात मिळाले नाही. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकी पेटंटही संपले. जगाच्या दृष्टीने ती चूक फायद्याचीच ठरली, पण शोधकर्त्याने ती ठरवून केलेली बरी.

अर्जाचा खर्च किती?

वैयक्तिक अर्जदार किंवा स्टार्टअपसाठी ऑनलाइन अर्जाचे सरकारी मूळ शुल्क १,६०० रुपये, तपासणीच्या मागणीचे ४,००० रुपये. मोठ्या कंपन्यांना अनुक्रमे ८,००० आणि २०,०००. कल्पना पक्की नसेल तर आधी तात्पुरता अर्ज करून तारीख राखता येते आणि १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. महाराष्ट्रासाठी मुंबईचे पेटंट कार्यालय. खरा खर्च मसुदा लिहिणाऱ्या पेटंट एजंटचा असतो आणि त्यात घासाघीस करून उपयोग नाही. ३(के)मधून सुटायचे की अडकायचे, हे त्या मसुद्यातील वाक्यरचनेवर ठरते.

समोरच्याचा दावा खरा की खोटा, हे कोणालाही फुकट तपासता येते. पेटंट क्रमांक मागायचा आणि तो आयपी इंडियाच्या संकेतस्थळावरील शोधसुविधेत टाकायचा. अर्ज 'प्रसिद्ध' आहे, 'मंजूर' आहे की 'फेटाळलेला', ते तिथे दिसते. पेटंट नसताना वस्तूवर पेटंट असल्याचे सांगणे कलम १२० खाली दहा लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र आहे.

आणि द्राक्षाचे? वाणांसाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली नोंदलेल्या वेलीच्या वाणाला १८ वर्षे संरक्षण मिळते आणि शेतकऱ्याने जपलेले वाणही नोंदवता येते. 'तास-ए-गणेश' या कायद्याच्या कितीतरी आधीच बागाबागांत पोहोचले होते. नाशिक भागात आता 'आरा' मालिकेतील परदेशी वाण परवान्याखाली लावले जातात. त्या बागेतली काडी शेजाऱ्याला देता येत नाही.